शुक्रवारचा पेशंट

सासऱ्यांचे दात पाहून एखाद्या सुनेला आनंदाचं भरतं आलं, असं कधी कुणी ऐकलं नसेल. पण डॅलसच्या विमानतळावर, बॅगा येतात त्या पट्ट्याशेजारी, भर दुपारी हे घडलं. राजाराम चोवीस तासांच्या प्रवासाने आंबून गेले होते. त्यांनी मुलाला, शैलेंद्रला, मिठी मारली, आठ वर्षांच्या नातीच्या, इलाच्या, डोक्यावरून हात फिरवला आणि मग भलीमोठी जांभई दिली. तेहतीस वर्षं कराडच्या एस.टी. स्टँडवर गाड्या सोडताना प्यायलेला चहा, चघळलेली सुपारी आणि खाल्लेली पानं, सगळं त्या तोंडात जसंच्या तसं जमा होतं. खालच्या दातांच्या मागे तर कीटणाचा चांगला बांध पडला होता.

सून प्रीता नमस्काराला वाकत होती, ती अर्ध्यावरच थांबली.

"बाबा, परत एकदा जांभई द्या ना," ती म्हणाली.

"अगं, काय हे!" शैलेंद्र ओरडला. राजारामांनी मात्र सुनेचा शब्द मोडला नाही. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला, मालिनींना, हसू आवरेना. त्यांनी नेहमीसारखा पदर तोंडाशी नेला आणि त्याआड त्या खुदुखुदू हसत राहिल्या. हसताना तोंडावर पदर घ्यायची त्यांची जुनी सवय. जुन्या वळणाच्या आहेत, झालं, असं प्रीता दहा वर्षं समजत आली होती.

प्रीताला वेडबीड लागलेलं नव्हतं. ती कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजीनचा, म्हणजे दातांच्या सफाईचा, दोन वर्षांचा कोर्स करत होती आणि त्याचा आता शेवटचा आठवडा उरला होता. या कोर्सची गंमत अशी, की पेशंट कॉलेज देत नाही. ज्याचा त्यानं शोधून आणायचा. तोही कुठलाही चालत नाही. ज्यांच्या दातांवर वर्षानुवर्षांचं कीटण दगडासारखं बसलंय असे तीन पेशंट स्वतःच्या हातांनी स्वच्छ केल्याशिवाय पास करत नाहीत. आणि डॅलसशेजारच्या फ्रिस्कोत, ते राहत तिथे, असा माणूस आणायचा कुठून? इथे ज्याच्या त्याच्या नोकरीत दातांचा विमा, वर्षातून दोनदा फुकट सफाई. फुकट म्हटल्यावर आपली माणसं सोडतात होय?

पहिला पेशंट तिला स्वतःच्याच सिंकखाली सापडला. तो प्लंबर होता, पाइप घट्ट करून बाहेर आला आणि हसला. दुसरा शेजारच्यांचं गवत कापायला यायचा. तिसऱ्यासाठी मात्र ती दोन महिने लोकांच्या तोंडाकडे बघत हिंडत होती. ग्रोसरीच्या रांगेत, इलाच्या शाळेच्या दारात, महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात. समोरचा काय सांगतोय इकडे तिचं लक्षच नसे. "प्रीता फार मन लावून ऐकते हं," असं दोघी-तिघी म्हणाल्यादेखील.

आणि आता देवच पावला होता. शुक्रवार, सकाळी आठ ते बारा, हा कॉलेजच्या दवाखान्याचा शेवटचा दिवस, आणि सासरे त्याआधी सहा दिवस घरात हजर!

एवढी घाई कशाची, हे कळायला रांगेची गोष्ट सांगायला हवी. शैलेंद्रच्या कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला त्याला अकरा वर्षं झाली. अर्जाची तारीख हाच रांगेतला नंबर. दर महिन्याला सरकारचं एक पत्रक निघतं आणि आता कुठल्या तारखेवाल्यांची पाळी आली ते त्यात छापलेलं असतं. कधी तारीख चार आठवडे पुढे सरकते, कधी जागची हलत नाही, आणि कधी चक्क मागे जाते. हे शेवटचं राजारामांच्या पचनीच पडत नसे. स्कूटरसाठी नऊ वर्षं नंबर लावून थांबलेला माणूस तो! "अरे, पण आमचा नंबर पुढेच यायचा की," ते फोनवर म्हणत. तरीही दर रविवारी पहिला प्रश्न ठरलेला असे, "नंबर लागला का?"

प्रीता लग्न होऊन आली तेव्हा सांगलीत दोन वर्षं प्रॅक्टिस केलेली डेंटिस्ट होती. विमानातून उतरली आणि कागदोपत्री 'डिपेंडंट' झाली. आधी कामाची परवानगीच नव्हती. ती मिळाली तेव्हा कळलं, की भारतातली पदवी इथे चालत नाही. पुन्हा पहिल्यापासून डेंटिस्ट व्हायचं तर घर विकावं लागलं असतं. मग इला झाली. मग शैलेंद्रने कंपनी बदलली आणि परवानगीचे कागद परत पहिल्या पायरीवर. अशी आठ वर्षं गेली. इला शाळेत जायला लागली त्या सप्टेंबरात प्रीताने ठरवलं, की शिकायला तर कुणी अडवलेलं नाही! एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींच्या वर्गात ती जाऊन बसली. लॉकर घेतलं, पाठीला सॅक लावली, कॅफेटेरियात पोळीभाजीचा डबा उघडला, आणि पहिल्या चाचणीत वर्गात पहिली आली. त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून ती एकटीच मोठ्यांदा हसली होती.

दहा वर्षांत ही एकच रांग अशी मिळाली होती, जिच्यात पुढे सरकणं तिच्या स्वतःच्या हातात होतं. म्हणून तिला ती इतकी प्यारी. आणि म्हणूनच ती चुकायची धास्तीही. शुक्रवारी तिसरा पेशंट झाला नाही, तर दवाखान्याचा विषय पुढच्या जानेवारीतच परत घेता येणार. तोवर कामाच्या परवान्याची मुदत संपायला येणार, मग त्याच्या नूतनीकरणाची आणखी एक रांग. आणि नेत्राने, गावातल्या डेंटिस्टने, जूनपासून तिच्यासाठी राखून ठेवलेली जागा तोवर कोण राखतंय? नेत्रा इथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलायची, पण मनाने मोकळी. "प्रीता, यू आर माय पर्सन, बस पास होऊन ये," असं तिने सांगितलं होतं.

रविवारी प्रीताने राजारामांना खिडकीपाशी बसवून मोबाइलच्या टॉर्चने सगळं तोंड पाहिलं. एकेका दाताला ती "वा!" म्हणत होती.

"एवढं वाईट आहे?" राजारामांनी विचारलं.

"वाईट? बाबा, सोनं आहे सोनं! शुक्रवारी माझ्याबरोबर कॉलेजात यायचं. आणि काही करू नका हं. जसे आहात तसेच या."

राजाराम 'बरं' म्हणाले. इथेच घात झाला. आपल्याकडे 'येताना काही आणू नका' म्हटलं म्हणून कुणी रिकाम्या हाताने जातं का? प्रीताने सांगितलं ते शास्त्र होतं, राजारामांनी ऐकलं ते सौजन्य.

गुरुवारी प्रीता कॉलेजातून घरी आली ती उड्या मारतच. हत्यारं धार लावून ठेवली होती, फॉर्म भरले होते, प्रोफेसर वॉल्शबाईंना पेशंटचं नाव कळवलं होतं. चहाचं आधण ठेवलं तोच राजाराम फिरून आले. सोबत त्यांचे नवे मित्र त्र्यंबककाका होते. रोज सकाळ-संध्याकाळ तळ्याभोवती फेऱ्या मारणाऱ्या आजोबांच्या घोळक्यातले हे पुढारी, आणि नेत्राचे वडील.

"सूनबाई, इकडे बघ," राजाराम म्हणाले, आणि हसले.

बत्तीसच्या बत्तीस दात मोत्यांसारखे चमकत होते.

"कशी वाटली गंमत?" त्र्यंबककाका खूष होते. "नेत्राकडेच नेलं होतं. फ्रेंड्स अँड फॅमिली! दीड तास घासत होती बिचारी."

"तू लाख म्हणालीस जसे आहात तसे या," राजाराम म्हणाले. "पण सुनेच्या कॉलेजात जायचं, तिच्या मास्तरीणबाईंसमोर बसायचं, आणि असं तोंड घेऊन? लोक काय म्हणतील, हिच्या घरात हीच अवस्था? तुझी मान खाली जायला नको."

प्रीताने चहाचा गॅस बंद केला. तिला रागावताही येईना. ज्या प्रेमाने त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डेंटिस्टच्या खुर्चीत बसायचं धाडस केलं होतं, त्यावर रागवायचं तरी कसं? ती खुर्चीवर बसली आणि डोळ्यांना घळाघळा धारा लागल्या.

"आई, व्हाय आर यू क्राइंग? आजोबा लुक्स सो हँडसम," इला म्हणाली. त्यावर तर प्रीताला रडता रडता हसूच फुटलं.

सगळा उलगडा झाल्यावर राजाराम असे खाली बसले, की जणू त्यांच्या डोळ्यांदेखत एखादी गाडी प्रवासी न घेताच सुटली. "मी वेंधळा. मी मूर्ख," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. नेत्राचा फोन आला, "ओ माय गॉड, प्रीता, मला माहीतच नव्हतं! आय थॉट, वॉव, काय केस आहे!" ती बिचारी आणखी काय बोलणार?

मग एकच धावपळ उडाली. शैलेंद्र घरी आला तो ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकतच. स्वतःचं तोंड त्याने आधीच पुढे केलं, पण त्याचे दात प्रीताने पहिल्याच सत्रात सरावाला वापरून संपवले होते. त्र्यंबककाकांनी आजोबांच्या घोळक्यात फोन फिरवले. "काय हो, तुमचे दात घाण आहेत का?" असं विचारल्यावर माणसं जी उत्तरं देतील ती त्यांनी दिली. प्लंबरचा भाऊ ओक्लाहोमात होता. मंडळाच्या ग्रुपवर अकरा जणांनी 'ऑल द बेस्ट' पाठवलं आणि एकाने आपल्या कुत्र्याविषयी विचारलं. साडेसात वाजले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, पण प्रीताच्या डोळ्यांपुढे जानेवारी दिसायला लागला.

"प्रीता, जरा आत ये," मालिनी म्हणाल्या. इतका वेळ त्या ओट्यापाशी गुपचूप उभ्या होत्या. त्या तिला थेट आपल्या खोलीच्या बाथरूममध्ये घेऊन गेल्या.

"दार लाव."

"आई, काय झालं?"

"लाव म्हणते ना. आणि तो पंखा चालू कर."

हा पंखा रोज पहाटे अर्धा तास चालू असायचा. आईंना थंड पाण्याची अंघोळ सोसत नाही, वाफ करतात, असं प्रीताला वाटायचं. मालिनींनी कपाटातून मेतकुटाचा डबा काढला. येताना त्यांनी मेतकुटाचे दोन डबे आणले होते. एक स्वयंपाकघरात गेला आणि दुसरा, 'माझ्या पोटासाठी' म्हणून, त्यांच्याच खोलीत राहिला. त्यांनी झाकण उघडलं. आतली पूड काळी होती आणि वास भाजलेल्या तंबाखूचा.

"मशेरी?" प्रीता पुटपुटली.

"सोळाव्या वर्षापासून लावते. माहेरी आज्जी, आई, चुलत्या, सगळ्याच लावायच्या. लग्न झालं तसं सोडते म्हटलं, ते राहूनच गेलं. यांना ठाऊक नाही. शैलूला नाही. आणि तू दातांची डॉक्टर घरात आलीस, मग तर मला हसायचीसुद्धा चोरी झाली."

असं म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि पदर खाली सोडून आ वासला.

प्रीताने टॉर्च लावला आणि ती आणखी पुढे वाकली. राजारामांचं तोंड यापुढे काहीच नव्हतं. काळे डाग, हिरड्यांच्या कडेकडेने बसलेलं कीटण, मागच्या दाढांवर थरावर थर. अख्ख्या गावातली तोंडं तिने पालथी घातली होती आणि हे तोंड रोज तिच्यासमोर बसून जेवत होतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला आनंद इतका झाला की ओरडावंसं वाटलं, आणि लाजही तितकीच वाटली. ती डॉक्टर होती, सून होती, आणि दहा वर्षांत या बाईच्या तोंडाकडे तिने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"पुरेल का एवढं?" मालिनींनी विचारलं. भाजी पुरेल का, असं विचारावं तसंच.

"आई, पुरून उरेल! पण तिथे प्रोफेसर बघणार, एक्स-रे निघणार, विद्यार्थिनी बघणार. घरी सगळ्यांना कळणार. तुमची तयारी आहे?"

मालिनींनी डब्याचं झाकण लावलं. "तू दहा वर्षं थांबलीस की. मला चार तास तोंड उघडायला काय होतंय?"

प्रीताने त्यांना तिथेच, बाथरूममध्ये, घट्ट मिठी मारली.

बाहेर येऊन तिने "पेशंट मिळाला!" एवढंच जाहीर केलं. कोण, ते सांगायला ती तयार होईना. शैलेंद्रने फार खोदून विचारलं नाही, कारण त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. सकाळी तो लवकर ऑफिसला गेला. राजारामांनी मात्र "मीच घोळ घातला, मी येणारच" असा हट्ट धरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. मालिनींनी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती. "कॉलेज बघायला येतेय," त्या म्हणाल्या.

आठ वाजता प्रीता पांढरा कोट घालून दारात आली आणि तिने नाव पुकारलं. मालिनी उठल्या. राजाराम चकित होऊन बायकोकडे बघत राहिले. मालिनींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पदर घट्ट धरून त्या आत गेल्या.

आधी प्रोफेसर वॉल्शबाईंनी तपासायचं, त्यांनी 'हो' म्हटलं तरच काम सुरू. बाईंनी गाल, जीभ, टाळा, सगळं सावकाश पाहिलं. तंबाखूची खूण म्हणून कुठे पांढरा चट्टा दिसतो का, ते दोनदा पाहिलं. मग कीटण तपासायचं हत्यार हिरडीच्या कडेने फिरवलं. खर्र, खर्र असा आवाज आला. तो आवाज प्रीताच्या कानांना सनई-चौघड्यासारखा वाटला.

"चट्टा नाही, नशीब," बाई म्हणाल्या. "पण आजपासून हे बंद, त्यांना सांग. आणि प्रीता, इतकी मोठी केस यंदा कुणी आणली नाही. कर सुरुवात!"

चार तास प्रीताची मान वर झाली नाही. कीटणाचे खपले निघत होते आणि ती मनातल्या मनात दात मोजत होती. मधेच तिने विचारलं, "आई, दुखतंय?" मालिनींनी मान हलवली आणि बोटाने खूण केली, चालू ठेव. त्यांचा दुसरा हात प्रीताच्या कोटाचं टोक धरून होता. सांगलीतल्या तिच्या खुर्चीत लहान मुलं असंच धरून बसायची. आणि हातांना ते सगळं आठवत होतं! दहा वर्षांत काही म्हणजे काही विसरलं नव्हतं. बारा वाजायला सात मिनिटं असताना वॉल्शबाईंनी शेवटचा दात तपासला, कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "अभिनंदन. झालीस पास."

प्रीताने मालिनींच्या हातात आरसा दिला. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हे माझेच का गं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "आता यांच्यावर परत ती काळी पूड लावायचा जीव होईल का?"

बाहेर राजाराम उभेच होते. मालिनींचा हात सवयीने पदराकडे गेला.

"आता कशाला तो पदर?" राजाराम म्हणाले. "एकेचाळीस वर्षं मला वास येत नव्हता होय?"

मालिनी जागच्या जागी थबकल्या. "मग बोलला का नाहीत?"

"तुला मला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मला कळलं नव्हतं."

मालिनी हसल्या. पदर नाही, हात नाही. खदखदून, मान मागे टाकून, त्या पांढऱ्याधोप दातांनी, की वेटिंग रूममधली चार माणसं वळून बघायला लागली. प्रीताने पटकन फोन काढला.

फोनवर शैलेंद्रचा मेसेज येऊन पडला होता. नवं पत्रक आलं होतं, तारीख जिथल्या तिथे. आज पत्रक आहे हे प्रीता साफ विसरली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिने त्याला उत्तरादाखल दोन फोटो पाठवले, एक सही झालेल्या कागदाचा आणि एक मालिनींचा.

मिनिटभरात त्याचा फोन आला. "प्रीता, यू डिड इट!" तो ओरडत होता. मग त्याने फोटो पुन्हा उघडून पाहिले. "आणि हा दुसरा फोटो... ही आई आहे?"

"हो," प्रीता म्हणाली. "माझी शुक्रवारची पेशंट."